पुरुषाने सोने घालावे, पण कोणते?

पुरुषाने दागिना घालूच नये, तो बायकी छंद आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. भिकबाळी, चौकडा, कंठी ही काय बायकांची लेणी होती? पेशवाईतली चित्रे पाहिली तरी या प्रश्नाचे उत्तर मिळेल. तेव्हा मित्रहो, सोने घालावे की नाही हा वाद मी बाजूला ठेवतो. मला प्रश्न पडतो तो निराळाच. आमच्या मुळशीतल्या तरुणाच्या गळ्यात आज जे सोने दिसते, ते टिकणारे आहे काय?

आधी धातूविषयी. चोवीस कॅरटचे सोने इतके मऊ की त्याची अंगठी रोजच्या कामात वाकायची. म्हणून त्यात तांबे, चांदी मिसळतात. बावीस कॅरटमध्ये शंभरातले सुमारे 91.6 भाग सोने असते. दागिन्यावर ‘916’ हा आकडा असतो तो याच हिशेबाने. अठरा कॅरटमध्ये 75 भाग असते आणि ते आणखी टणक असते. गंमत अशी की सरकारने 1963 साली सुवर्णनियंत्रण आणून चौदा कॅरटपेक्षा उंची सोन्याचे नवे दागिने घडवायलाच बंदी केली. टणकपणाच्या दृष्टीने चौदा कॅरट चांगलेच! पण लोकांनी ते मनापासून कधी घेतले नाही, हजारो सोनारांचा धंदा मात्र बसला, आणि 1966 मध्ये ती अट सुटली. 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदाही 1990 मध्ये गेला. आपल्या माणसाला टिकाऊ म्हणजे न मोडणारे एवढेच नको असते, अडचणीला मोडता येईल असेही हवे असते. ‘मोडणे’ या एका शब्दात आपण दोन्ही बसवले आहे.

मला विचाराल तर शेतात राबणाऱ्याने किंवा मोटारसायकलीवरून हिंजवडी गाठणाऱ्याने बावीस कॅरटचे भरीव, बिनखड्याचे वळे घ्यावे. ते पिढीभर झिजले तरी तुटत नाही. साखळी हवीच असेल तर आखूड आणि भरीव. पोकळ साखळी दिसते जाड, भरते हलकी. एकदा चेपली की तिला पूर्वीचा आकार येणे कठीण. साखळी तुटते ती बहुधा कडीच्या सांध्याला किंवा फासाजवळ. तेव्हा नक्षी पाहण्याआधी प्रत्येक कडी नीट डागलेली आहे का आणि फास घट्ट बसतो का, ते पाहावे. खडे आणि लाख यांचे वजन विकताना वजा होते, घडणावळ तर परत मिळतच नाही. हे सगळे दुकानात कोण सांगतो?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पुण्याच्या आसपास ‘गोल्डमॅन’ नावाची एक जातच निर्माण झाली. खडकवासल्याचे आमदार रमेश वांजळे यांच्या अंगावरच्या सोन्याची चर्चा त्यांच्या कामापेक्षा अधिक झाली. 2011 मध्ये ते वारले. पिंपरी-चिंचवडचे दत्ता फुगे यांनी तर तीन किलोंहून अधिक सोन्याचा सदराच शिवला, जगभर त्याची छायाचित्रे छापून आली. जुलै 2016 मध्ये त्यांचा खून झाला. सदरा कितीही भरीव असला तरी चिलखत नव्हता.

त्या चकाकीचे मूळ आमच्या तालुक्यात शोधायला लांब जावे लागत नाही. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञानाचे नगर मुळशीतच उभे राहिले, मग गुंठ्यागुंठ्याला भाव आला. ज्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्याच खोऱ्यात नातवा-पणतवांनी खाचरे विकून साखळ्या केल्या. 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने ही कथा पडद्यावर आणली तेव्हा लोक शिट्ट्या वाजवत होते. मला मात्र तो पाहवत नव्हता.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. कुणाला मुलीचे लग्न होते, कुणाला कर्ज. परंतु आंबेमोहोराचे खाचर दरवर्षी काहीतरी देत असे. साखळी दरवर्षी थोडी झिजते, एवढेच. भाव चढला तर ती विकून चार पैसे अधिक मिळतील, हे खरे. पण त्या पैशात विकलेले खाचर परत घेऊन दाखवा.

तरीही घ्यायचेच असेल तर निदान सात-बाऱ्यावर आपले नाव राहील एवढा तुकडा राखून घ्या. दागिन्यावर हॉलमार्क आणि एप्रिल 2023 पासून सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आहे ना, ते भिंगातून पाहा. आणि पक्की पावती मागा. सोनार ओळखीचा असला, घरचाच असला, तरी मागा.