थेरपीचे पैसे आधी कोण भरणार?

मार्च जवळ आला की विशेष मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : ‘निरामया’चं नूतनीकरण केलंत का? केलं नसेल तर आजच करा, हे माझं पहिलं सांगणं. पण ज्यांनी केलंय त्यांतल्या अनेकांनी वर्षभरात एकही क्लेम केलेला नसतो, आणि आज लिहायचं आहे ते त्याबद्दल.

ज्यांना ही योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, शुल्क काही शे रुपये. खासगी विमा कंपन्या ज्या मुलांना वर्षानुवर्षं दारातूनच परत पाठवत आल्या, त्यांना इथे जन्मापासूनच्या अवस्थेसकट घेतलं जातं. नियमित थेरपीचा खर्चही यात बसतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी मनापासून मानते.

आता हिशेब पाहू. आठवड्याला दोन सेशन स्पीच थेरपीची आणि दोन ऑक्युपेशनल थेरपीची, एवढं तर अनेक मुलांना सांगितलं जातं. एका सेशनचे सहाशे रुपये धरले तरी महिन्याला साडेनऊ हजारांच्या वर जातात, वर्षाला लाखाच्या पुढे. योजनेतल्या लाखाचा मोठा भाग शस्त्रक्रिया आणि रुग्णालयासाठी राखलेला; थेरपीच्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्सा. शिवाय तो मिळतो खर्च करून झाल्यावर. आधी तुम्ही भरा, पावत्या जोडा, मग पैसे येतील. ज्या आईकडे या महिन्याचे साडेनऊ हजार नाहीत, तिच्या दृष्टीने ही योजना सुरूच होत नाही. तिचं मूल थेरपीला जात नाही, म्हणून पावती नाही, म्हणून क्लेम नाही.

मुळात थेरपी हा आजारपणाचा खर्च नाहीच. अपेंडिक्सचं ऑपरेशन एकदा होतं आणि संपतं. थेरपीच्या खोलीत काय चालतं ते पाहा. चार वर्षांचा मुलगा टेबलावरचा कापसाचा बोळा फुंकर मारून पलीकडे ढकलायचा प्रयत्न करतोय. ओठ गोल होत नाहीत, हवा नाकातून जाते, बोळा जागचा हलत नाही. थेरपिस्ट बोटांनी त्याचे ओठ जुळवून देते, पुन्हा सांगते, स्वतः करून दाखवते. तो बोळा वीतभर सरकायला कधी कधी आठवडे लागतात. मध्येच दोन महिने खंड पडला, तर मिळवलेलं बरंचसं पुसलं जातं आणि मूल पुन्हा मागे जातं. रुग्णालयाच्या बिलाच्या मापाने आखलेल्या योजनेत या कामाला जागा कशी सापडणार?

जे पालक पैसे भरू शकतात, त्यांचेही क्लेम कागदावर अडतात. एका आईने दाखवलेली पावती डोळ्यांसमोर आहे : ‘थेरपी फी, तीन महिने’, रक्कम आणि सही. बस्स. तारखा नाहीत, कोणती थेरपी ते नाही, नोंदणी क्रमांक नाही. क्लेम नामंजूर. म्हणून पहिल्या दिवसापासून एवढं करा. डॉक्टरांकडून कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा हे लेखी घ्या. पावतीवर प्रत्येक सेशनची तारीख मागा. स्पीच थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात हवा. कागद वर्षाअखेरीपर्यंत साठवू नका. क्लेमला मुदत असते. आणि मूळ पावत्या देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा.

तालुक्याच्या गावी अडचण याच्याही आधीची. तिथे नोंदणीकृत थेरपिस्टच नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३पासून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आली, तिथे थेरपी मोफत मिळते. पण जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा जायचं म्हणजे रोजंदारीवरच्या बापाचे दोन खाडे. मोफत थेरपीची ही किंमत कुठल्याच कागदावर येत नाही.

तर मागायचं काय? थेरपीची मर्यादा वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण माझ्या मते त्याहून तातडीची मागणी वेगळी : थेरपिस्टची जिल्हावार यादी करा आणि सेशनचे पैसे थेट त्यांना द्या. दवाखान्यांना कॅशलेस जमतं, तर थेरपी केंद्रांना न जमण्याचं कारण मला दिसत नाही. खोटी बिलं होतील ही भीती खरी आहे. तिच्यावर हजेरीची नोंद आणि अचानक तपासणी हे उपाय आहेत. त्या भीतीची शिक्षा मुलांना नको.

दुसरी गोष्ट आपल्या हाताजवळची. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. हा पैसा पुष्कळ ठिकाणी अखर्चित राहतो, नाहीतर मार्चमध्ये घाईघाईने वस्तुवाटपात संपतो. चार-पाच ग्रामपंचायती आणि एखादी नगरपरिषद एकत्र आली, तर या पैशातून आठवड्याचे दोन दिवस थेरपिस्ट गावात आणता येईल. शाळेची एक रिकामी खोली पुरते.

पुढच्या ग्रामसभेला जा. या निधीत यंदा किती पैसे जमा झाले आणि कशावर खर्च झाले, एवढं विचारा, उत्तर लेखी मागा आणि थेरपिस्टच्या मानधनाचा ठराव मांडा. एकट्याने बोलायला जड जात असेल, तर गावातल्या आणखी दोन-तीन पालकांना सोबत न्या.