पोरं भरपूर, सेंटर-बॅक कुठाय?

ट्रान्सफर विंडो १ सप्टेंबर २०२५ ला बंद झाली आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरची 'कोण आलं, कोण गेलं'ची वादावादी जरा थंडावली. चेल्सीच्या फॅन्सची तेव्हा चंगळ होती. ब्रायटनकडून जोआव पेद्रो आला, इप्सविचकडून लिअॅम डिलॅप, डॉर्टमुंडकडून जेमी गिटन्स आणि शेवटी मँचेस्टर युनायटेडकडून अलेहान्द्रो गार्नाचो. सगळे पुढे खेळणारे. त्यात जुलैमध्येच क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पॅरिस सेंट जर्मेंला ३-० असं धुतलेलं. मग आणखी काय पाहिजे?

एक सेंटर-बॅक पाहिजे होता. ऑगस्टच्या सुरुवातीला लेव्हाय कोलविलच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्याचा जवळजवळ सगळा सीझन गेला. 'आम्हाला एक सेंटर-बॅक हवाय' हे तेव्हाचे कोच एन्झो मारेस्का यांनी उघड सांगितलं. क्लबचं म्हणणं पडलं की आहेत त्यांच्यातूनच मार्ग काढा. आयॅक्सकडून योरेल हाटो आला खरा, पण तो करार कोलविलच्या दुखापतीआधीचा आणि पोरगा १९ वर्षांचा. म्हणजे पैसे होते, विंडो उघडी होती, कोच मागत होता, तरी खरेदी झाली नाही. असं का होतं, हे समजलं की चेल्सीचं सगळं गणित समजतं.

मे २०२२ मध्ये टॉड बोहली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटाने अडीच अब्ज पाउंडला चेल्सी विकत घेतला. तेव्हापासून मुख्य धोरण एकच : पंचविशीच्या आतली पोरं उचलायची, लांबलचक करार करायचे. जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडिसला १०.६८ कोटी पाउंड मोजून साडेआठ वर्षांसाठी घेतलं. एवढा लांब करार कशाला? तर फुटबॉलच्या हिशेबात खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांवर वाटली जाते. पाच वर्षांचा करार असेल तर एन्झोचा खर्च वर्षाला २.१४ कोटी पडला असता. साडेआठ वर्षांमुळे तो सव्वा कोटीवर आला. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटींपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. त्यामुळे ही पळवाट सोन्यासारखी होती. युएफा आणि प्रीमियर लीगने २०२३ मध्येच ती बुजवली. आता करार कितीही लांब असो, किंमत जास्तीत जास्त पाच वर्षांवरच वाटता येते.

दुसरी गंमत अॅकॅडमीची. स्वतःच्या अॅकॅडमीत वाढलेल्या मुलाला विकत घेताना काहीच खर्च झालेला नसतो. म्हणून तो विकला की आलेला प्रत्येक पाउंड वहीत निव्वळ नफा. मेसन माउंट साडेपाच कोटींना युनायटेडला गेला, कॉनर गॅलहर अॅटलेटिको माद्रिदला. मैदानावर दोघेही उपयोगाचे होते, पण वहीत त्याहून जास्त उपयोगाचे ठरले! मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला स्टेडियमजवळची दोन हॉटेलं ७.६५ कोटी पाउंडला विकून झाली, तीही याच खटाटोपात. प्रीमियर लीगला ते चाललं, युएफाला नाही. जुलै २०२५ मध्ये युएफाने चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड ठोकला.

मग हे धोरण फसलंय का? तसंही म्हणता येत नाही. मँचेस्टर सिटीने सोडलेला कोल पामर चार-सव्वाचार कोटींत आला आणि पहिल्याच सीझनला लीगमध्ये २२ गोल मारून बसला. मोइझेस कैसेडोसाठी दहा कोटींच्या वर मोजले तेव्हा लोक हसले होते, आज तोच मिडफिल्डचा कणा आहे. लीगमधला क्रमांक १२ वरून ६ आणि ६ वरून ४ वर आला. मे २०२५ मध्ये कॉन्फरन्स लीगही जिंकली. पोरं ओळखण्यात या लोकांची नजर चांगली आहे, हे मान्यच करायला हवं.

पण पोरं ओळखणं वेगळं आणि टीम बांधणं वेगळं. थिआगो सिल्वा २०२४ मध्ये गेला, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्याच्या जागी अनुभवी डिफेंडर आणलाच नाही, कारण २८-२९ वर्षांच्या माणसाला पुढे चढ्या भावात विकता येत नाही. लिव्हरपूलने काय केलं होतं आठवा. जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्यो बार्सिलोनाला विकला आणि त्याच वर्षी व्हॅन डाइक आणि अॅलिसन आणले. भोक कुठे आहे ते ओळखलं आणि तिथेच पैसा ओतला. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग.

याची खरी किंमत मोजतात ते खेळाडू. पुण्यात आयटीतल्या कुठल्याही दादाला 'बेंच'वर बसणं काय असतं ते विचारा : पगार चालू, काम नाही आणि सीव्हीवर वाढत जाणारी गॅप. नव्या मालकांनी २०२२ मध्ये मोठ्या थाटात आणलेला रहीम स्टर्लिंग २०२५ मध्ये मुख्य संघापासून वेगळा सराव करत होता, सोबत अॅक्सेल डिसासी. ट्रेव्हो चालोबाची गोष्ट तर आणखी बोलकी. अॅकॅडमीतला हा मुलगा २०२४ मध्ये नको म्हणून क्रिस्टल पॅलेसला लोनवर धाडला. डिफेंडर जखमी झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये परत बोलावला. आणि क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला सेंटर-बॅक कोण? चालोबा आणि कोलविल. दोघंही घरचीच पोरं. त्यातला एक ऑगस्टमध्ये जखमी झाला.

आठ वर्षांचा करार म्हणजे आठ वर्षांची खात्री, असं विशीतल्या पोराला वाटणं साहजिक आहे. पण तो करार क्लबला जितका सांभाळतो, तितका त्याला सांभाळेलच असं नाही. फॉर्म गेला की तेवढा पगार द्यायला दुसरा क्लब तयार होत नाही आणि पोरगा मधेच अडकतो.

त्यामुळे जानेवारीची विंडो उघडली की किती कोटी उडाले हे मोजत बसू नका. कोणत्या जागेसाठी उडाले ते बघा. पहिली बातमी सेंटर-बॅकची आली, तर समजा क्लबने कोचचं ऐकलं. आणखी एका १९ वर्षांच्या विंगरची आली, तर समजा वही अजूनही मैदानाच्या पुढे आहे.