पुन्हा एकदा विचारा

१० सप्टेंबर हा दिवस २००३ पासून जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राला तो विसरून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ आपल्या राज्यातले. रोज सरासरी ६२ माणसे. देशात पहिला क्रमांक आपला. शेतकऱ्याचा विषय निघाला की हमीभाव आणि कर्जमाफी, विद्यार्थ्याचा निघाला की परीक्षा आणि शिकवण्या, यांवर आपण तावातावाने बोलतो. बोललेच पाहिजे. पण धोरणे बदलतील तेव्हा बदलतील. तोवर त्या माणसाशेजारी आज जो बसला आहे, त्याने काय करायचे?

‘जो बोलून दाखवतो, तो करत नाही’ हे आपल्याला फार महागात पडलेले शहाणपण आहे. जीव द्यायचा विचार मनात घोळवणारी पुष्कळ माणसे आधी कुणापाशी तरी बोललेली असतात. सरळ बोलत नाहीत, एवढेच. ‘माझ्यामागं तुमचं बरं चालेल’, ‘आता कुणाला त्रास देणार नाही’, ‘पोरांकडं लक्ष ठेवा’. घरचे म्हणतात, दारू प्यायला की असाच बडबडतो. सून म्हणाली तर ती नाटकं, कॉलेजातला मुलगा म्हणाला तर मोबाइलचा परिणाम. झोप उडते, जेवणावरची वासना जाते, माणूस चारचौघांत बसेनासा होतो. कुणी एकाएकी देणीघेणी मिटवू लागतो, जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकतो. आणि महिनाभर तळमळणारा माणूस एके दिवशी अगदी शांत झाला, की ‘सुटलो बाबा’ म्हणून आपणच निर्धास्त होतो. त्या दिवशी तर अधिक जवळ बसायला हवे.

मग विचारायचे, तेही स्पष्ट: ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. उलट विचारल्यावर अनेकांना मोकळे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर दचकू नये, ओरडू नये, शपथा घालू नयेत. ‘पोराबाळांचा तरी विचार कर’ हे वाक्य प्रेमापोटी येते, पण जो आधीच स्वतःला घराचे ओझे समजतो, त्याच्या मनावर ते आणखी एक ओझे टाकते. त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवाव्यात आणि त्याच्यासोबत डॉक्टरकडे जावे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. संकटाची ती घटका टळली, तर बहुतेक माणसे जगतात.

हे काम फक्त तज्ज्ञांचे नाही, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी दाखवून दिले आहे. तिथे ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, त्यावर बोलायला आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला शिकवले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. सारे श्रेय एकट्या प्रकल्पाला देता येणार नाही. तरीही कोरडवाहू कापूसपट्ट्यात, जिथे मानसोपचारतज्ज्ञ शोधून सापडत नाही, तिथे ओळखीच्या माणसाने ओसरीवर बसून केलेली चौकशी उपयोगी पडते, हे कळायला एवढे पुरे.

दुसरा दाखला दूरचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून पत्रे जात राहिली, मजकूर दोनचार ओळींचा: तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटले तर आम्हाला लिहा. उपदेश नाही, भेटीची वेळ नाही, कसली मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे चालते. प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला बघायला आठवडाभर दारात चपला मावत नाहीत आणि नंतर कुणी फिरकत नाही. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, आणि नेमक्या त्याच काळात घरात तो विषय काढायचा नाही असे ठरते. पोलिसांची भीती हे त्याचे एक कारण होते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे; त्याची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. लपवण्याजोगे आता काही उरलेले नाही.

सगळे करूनही कधी माणूस हातून निसटतो. अशा घरी जाऊन ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ असे विचारणाऱ्यांनी त्यापेक्षा घरीच थांबावे. वृत्तपत्रांनीही, आम्ही धरून, पद्धतीचे रसभरीत वर्णन आणि एकाच कारणावर बोट ठेवणारे मथळे टाळावेत. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये तसे सांगितलेलेच आहे.

वाचता वाचता तुमच्या डोळ्यांपुढे एखादे नाव आले असेल, तर आज त्याला फोन करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. ते नाव तुमचे स्वतःचे असेल, तर घरातल्या किंवा ओळखीतल्या एकाला तरी आजच सांगा. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.