बाजाराचा वार आधी विचारून घ्या!

मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला निघालेल्या मैत्रिणींची यादी बहुधा ठरलेली असते. बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी. झालं इंग्लंड! ते सगळं जरूर पाहा. पण एक दिवस तिथल्या एखाद्या जुन्या बाजारगावासाठी राखून ठेवा. आठवड्याला पिशवी घेऊन मंडईत जाणाऱ्या बाईला हे गाव राजवाड्यापेक्षा लवकर आपलंसं वाटतं.

बाजारगाव म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्यासारखाच तिथेही आठवडी बाजार. मात्र पूर्वी तो भरवायला बहुधा राजाची सनद लागे आणि सनदेत वारही नेमून दिलेला असे. दोन बाजारांत अंतर किती असावं, याचाही हिशेब होता बरं का! ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेराव्या शतकातल्या कायद्याच्या ग्रंथात तो दिला आहे. दिवसाची मजल वीस मैल धरायची आणि दिवसाचे तीन भाग करायचे: एक जायला, एक देण्याघेण्याला आणि एक उजेडी घरी परतायला. म्हणून शेजारचा बाजार या वीस मैलांच्या एक तृतीयांशाहून, म्हणजे सुमारे पावणेअकरा किलोमीटरहून, जवळ नसावा. डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचा विचार करूनच हा नियम केलेला दिसतो.

आणि हे ओझं पुष्कळदा बाईचंच असे. धान्य, गुरं, लोकर यांचे व्यवहार पुरुषांकडे. लोणी, चीज, अंडी, कोंबड्या हा शेतकऱ्याच्या बायकोचा प्रांत. त्या टोपलीच्या पैशांतून घरचा वरखर्च निघायचा. भर पावसात तिने लोणी घेऊन उभं कुठे राहायचं? त्यासाठी गावोगावी खांबांवर छपरं उभारली गेली. लेस्टरशरमधल्या मार्केट हार्बरोची १६१४ सालची जुनी शाळा चक्क लाकडी खांबांवर उभी आहे. वर मुलांचे धडे आणि खाली लोण्याचा बाजार! कॉट्सवोल्ड्स भागातल्या चिपिंग कॅम्पडनमध्ये सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी १६२७ साली बांधलेलं दगडी बाजारघर आजही रस्त्यात उभं आहे. ‘चिपिंग’ या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी बाजार. १९४०च्या दशकात हे बाजारघर विकलं जाऊन अमेरिकेला जायच्या बेतात होतं. गावकऱ्यांनी पैसे जमवून ते विकत घेतलं आणि नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं. आत जाऊन त्याच्या खडबडीत फरशीवर एकदा उभ्या राहा, त्या लोणीवाल्या बायकांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

गाव बघायचं कसं, तेही सांगते. मुख्य रस्ता मध्येच एवढा रुंद का, असं वाटलं की समजा, इथे बाजार भरायचा. त्या रुंद जागेच्या मधोमध घरांची एखादी चिंचोळी रांग दिसली, तर ते पुष्कळदा जुने ठेलेच असतात. आधी रोज उचलायचे, मग तिथेच राहू लागले आणि शेवटी पक्क्या भिंती आल्या. घरांची तोंडं अरुंद आणि परसं मात्र लांबच लांब, कारण बाजाराकडची जागा प्रत्येकालाच हवी होती.

निघण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवा:

• बाजाराचा वार आधी विचारून घ्या. मोरटन-इन-मार्श आणि मेल्टन मोब्रे या दोन्ही गावांचा बाजार मंगळवारचा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून मोरटनला थेट गाडी आहे, दीड-पावणेदोन तासांची. तिथून चिपिंग कॅम्पडनलाही जाता येतं.

• सकाळीच पोचा. दुपार कलली की ठेले आवरू लागतात. रविवारी खेड्यांकडच्या बसगाड्या फार कमी असतात.

• पायात सपाट, जाड तळाचे बूट आणि पिशवीत छत्री हवीच. सुटी नाणीही जवळ असू द्या.

• शाकाहारी मैत्रिणींनो, मेल्टन मोब्रेच्या प्रसिद्ध पायमध्ये डुकराचं मांस असतं. शेजारी स्टिल्टन चीज मिळेल. चीज करताना उरलेल्या निवळीवर तिथे डुकरं पोसत, म्हणून हे दोन्ही पदार्थ एकाच मुलखातले! मात्र चीजमध्ये प्राण्याचं विरजण आहे का, ते विचारून मगच घ्या.

• ‘कंट्री मार्केट’ अशी पाटी दिसली तर आत डोकवा. विमेन्स इन्स्टिट्यूट या तिथल्या महिला मंडळाने १९१९ साली लुईस गावी असा पहिला बाजार सुरू केला. १९९५ पासून ही संस्था स्वतंत्र झाली. घरचा मुरांबा, केक, अंडी, रोपं, सगळं स्वतः केलेलं आणि स्वतःच विकलेलं.

आणि नुसते फोटो काढून परत येऊ नका हं! गावाबाहेरच्या मोठ्या सुपरमार्केटांनी कित्येक ठिकाणचे ठेले कमी केले आहेत. जुनं छप्पर वर्गणी काढून वाचवता येतं, बाजार मात्र गिऱ्हाईक आलं तरच टिकतो. म्हणून पाव किलो चीज, अर्धा डझन अंडी, एखादी मुरांब्याची बाटली, काहीतरी घ्याच. घेताना विकणाऱ्या बाईला “हे कसं केलंत?” असं जरूर विचारा. मोडकंतोडकं इंग्रजी पुरतं, स्वयंपाकाच्या गप्पांना फार व्याकरण लागत नाही.