मलय भूमीतला 'राजा'

मलेशियात दर पाच वर्षांनी नऊ वंशपरंपरागत अधिपती आपल्यातूनच एकाची राष्ट्रप्रमुखपदी निवड करतात. त्याच्या पत्नीची उपाधी 'राजा पर्माइसुरी अगोंग'. यातील 'पर्माइसुरी' म्हणजे आपली 'परमेश्वरी'! नऊपैकी सात अधिपती सुलतान म्हणवतात. पर्लिसचा अधिपती मात्र आजही 'राजा'च आहे. शासनसंस्थेला मलय भाषेत 'केराजाआन' म्हणतात, तोही 'राजा' शब्दाचाच विस्तार. पंतप्रधान 'पर्दाना मंतेरी', म्हणजे प्रधानमंत्री. देशाचा अधिकृत धर्म इस्लाम, आणि राज्यव्यवहाराचे मूलशब्द संस्कृत!

हे शब्द तेथे कोणी लादले? पूर्व बोर्निओतील कुताई येथे सापडलेले यूपस्तंभ या प्रश्नाचे उत्तर देतात. इसवी सन ४०० च्या सुमाराचे हे संस्कृत लेख मूलवर्मन राजाच्या दानाचे वर्णन करतात. त्याच्या पित्याचे नाव अश्ववर्मन. परंतु आजोबा कुंडुंग. हे नाव संस्कृत नव्हे, तेथल्याच मातीतले. म्हणजे परका विजेता येऊन गादीवर बसला नाही. स्थानिक घराण्यानेच एका पिढीत नवे नाव, नवी उपाधी आणि यज्ञसंस्था आपलीशी केली. व्यापाऱ्यांची गलबते आणि विद्वान पुरोहित एवढ्या बळावर हे घडले. राजेंद्र चोळाची श्रीविजयावरील स्वारी १०२५ ची, म्हणजे त्यानंतर सहा शतकांनी.

पंधराव्या शतकात मलाक्काच्या दरबाराने इस्लाम स्वीकारला. उपासना बदलली, पण 'राजा' शब्द परका ठरवून टाकून देण्याची गरज तेथे कोणाला भासली नाही. उलट दख्खनमध्ये राज्यव्यवहाराची भाषा इतकी फारसीमय झाली, की शिवछत्रपतींना राज्याभिषेकाच्या काळात मुद्दाम 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवून घ्यावा लागला. संस्कृतच्या जन्मभूमीत जे प्रयत्नपूर्वक परत आणावे लागले, ते समुद्रापार सहज टिकून होते. (आपल्याकडे 'महाराज' ही हाक आज लग्नघरच्या आचाऱ्यालाही मिळते, हे वेगळे!)

बृहत्तर भारताचा अभिमान बाळगताना 'आपण तेथे राज्य केले' अशी भाषा सर्रास वापरली जाते. ती इतिहासाला धरून नाही. शिवाय तेथल्या लोकांनी डोळसपणे केलेल्या स्वीकाराचे मोलही ती कमी करते. चोळांच्या आरमाराची कथा मुलांना अवश्य सांगावी. पण कुंडुंगाच्या नातवाची त्याआधी.