काट्याला मुद्रा, श्वासाला दैवाचा हवाला!

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे कापूस वा सोयाबीन तोलणारा काटा ठरावीक मुदतीत वैध मापन खात्याकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावाच लागतो. हयगय केल्यास दंड होतो. मात्र याच गावातील एखादी माता पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी बुलढाण्याला वा मलकापूरला नेली, तर भुलेत तिचा श्वास मोजणारे यंत्र शेवटचे कधी पडताळले, हे विचारण्याची कुणालाही गरज वाटत नाही!

हा मॉनिटर अवरक्त किरणांच्या साहाय्याने उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि भुलीच्या वाफा मोजतो. कालांतराने त्याचे माप ढळू शकते. म्हणून घटकांचे प्रमाण प्रमाणित असलेले वायुमिश्रण त्यात सोडून आकडा जुळवावा लागतो. मिश्रणात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असेल, तर समुद्रसपाटीच्या दाबाला तो पाऱ्याच्या सुमारे ३८ मिलिमीटर इतका दिसला पाहिजे. निरोगी माणसाच्या उच्छ्वासाअखेर हा आकडा ३५ ते ४५ असतो. भुलीची वाफ प्रत्यक्षाहून अधिक दिसली, तर डॉक्टर मात्रा कमी करतील आणि रुग्ण शस्त्राखाली जागा होऊ शकेल. कमी दिसली, तर मात्रा वाढून रक्तदाब कोसळू शकेल. दोष डॉक्टरांचा नव्हे, मापाचा. प्राण मात्र रुग्णाचे!

वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्यासाठीच्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. बंद पडलेले यंत्र निदान डोळ्यांना दिसते. चालू राहून खोटे बोलणारे यंत्र कोणत्या पाहणीत सापडणार?

कौटिल्याने अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नेमून दर चार महिन्यांनी वजनमापांचे मुद्रांकन सांगितले आहे. त्या परंपरेच्या देशात यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापली जाते आणि पडताळणीची तरतूद निविदेतून गळते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. खर्चाची सबब टिकणारी नाही. यंत्रावर पैसा ओतणाऱ्यांना वायूची एक बाटली जड होऊ नये. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे मापनाची राष्ट्रीय मानके आहेत. त्यांच्याशी जुळवलेले, देशात बनलेले मिश्रण प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असावे, त्यावरील मुदत पाळली जावी आणि पडताळणीची तारीख मॉनिटरवर ठळक लावावी. स्वदेशीचा अर्थ केवळ स्वस्त वस्तू नव्हे. स्वतःच्या मापावरचा विश्वास होय.

कापसाच्या क्विंटलला जे संरक्षण आहे, ते कापूस पिकवणाऱ्याच्या श्वासाला कधी मिळणार?