तुंबलेले सिंक आणि आपले रसायनशास्त्र



स्वयंपाकघरातील सिंकचे पाणी सावकाश उतरू लागले की पुष्कळ घरांत एकच उपाय होतो. दुकानातून पांढऱ्या पावडरीची पुडी आणायची, जाळीवर ओतायची आणि वाट पाहायची. माझे मत असे की, हा उपाय सर्वांत शेवटी करावा. का, ते पाहू या.

सिंकखाली वाकून पाहा. पाइप यू अक्षरासारखा वळलेला दिसेल, किंवा तेथे बाटलीसारखा भाग असेल. हा ट्रॅप. त्यात नेहमी थोडे पाणी साठून राहते व गटारातील वायूंना घरात येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपासाठी अशा वळणाचे पेटंट घेतले. तत्त्व आजही तेच आहे. मात्र याच वळणाशी गाळही बसतो.

तेल-तूप गरम असताना पातळ असते, थंड पाइपात ते थिजते. पाणी दुष्फेन असेल, तर त्यातील कॅल्शियम व साबण यांपासून न विरघळणारा साका बनतो. त्यात भाताची शिते, चहाचा चोथा अडकतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात चरबी व कचऱ्याचा सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला. अशा गोळ्यांना घराघरांतील सिंकमधून जाणारी चरबीही कारणीभूत असते!

पुडीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचे साबणात रूपांतर करतो, हे खरे. पण पाण्यात विरघळताना तो बरीच उष्णता देतो. त्वचा व डोळे भाजतात. तुंबारा निघाला नाही, तर ते दाहक द्रावण ट्रॅपमध्येच राहते आणि नंतर ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर सांडते. त्यावर अ‍ॅसिड ओतणे तर फारच घातक. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन निघतो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचा फेस निरुपद्रवी खरा. पण दोघे एकमेकांना उदासीन करतात आणि चरबी बहुतांशी तशीच राहते.

मग करावे काय? ताटातील खरकटे व तेलकटपणा आधी पुसून कचऱ्यात टाका. जाळी रोज साफ करा. पाणी तुंबलेच, तर रबरी पंप वापरा. रबरी वाटी पाण्यात बुडालेली हवी. पाणी दाबले जात नसल्याने तुमच्या हाताचा जोर थेट अडथळ्यापर्यंत पोचतो. तरीही न निघाल्यास, आत पावडर टाकलेली नाही याची खात्री करून, हातमोजे घालून, खाली बादली ठेवून वडीलधाऱ्यांसमवेत ट्रॅप उघडा व धुऊन पुन्हा बसवा.

“हे आपले काम नव्हे,” असे कोणी म्हणेल. मग कोणाचे? घरात ते आईवर पडते, रस्त्यावर सफाई कामगारावर. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपण ओतलेली चरबी शेवटी कोणाला तरी उपसावीच लागते.

शिक्षकांना विनंती, साबणीकरण शिकवताना एक ट्रॅप वर्गात आणून उघडून दाखवा. आणि मित्रहो, या रविवारी घरचा ट्रॅप कोठे आहे, एवढे तरी शोधून ठेवा.